पिशवीवरचे नाव आणि पिशवीतले वाण

रोहिण्या सरत येतात, मृगाची चाहूल लागते आणि परतूरसारख्या तालुक्याच्या गावातील बाजारपेठेत एकच प्रश्न कानी पडू लागतो : ‘यंदा कोणतं लावायचं?’ हा प्रश्न पिकाविषयीचा नसतो. कापूस, सोयाबीन आणि तूर ही त्रयी जमिनीने, पावसाने आणि बाजारभावाने बहुधा ठरवूनच दिलेली असते. प्रश्न असतो तो वाणाचा. आणि वाण म्हणजे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर रचलेल्या पिशवीवरचे नाव. त्या नावाच्या भरवशावर शेतकरी पैसे मोजतो, उसनवारी करतो आणि चार-पाच महिन्यांचे कष्ट जमिनीत घालतो. नाव फसले तर पुढच्या मृगापर्यंत त्याला दुसरी संधी नसते.

धान्याच्या बाजारात ग्राहक माल पारखून घेतो. ज्वारी मुठीत घेऊन पाहता येते, दाणा दाताखाली चावून पाहता येतो. बियाण्याचे तसे नाही. औषध चोळून रंगवलेल्या सरकीच्या दाण्याकडे पाहून त्याचे आईबाप कोण, बोंड केवढे येईल, पावसाने ताण दिला तर झाड तग धरील की नाही, यांपैकी काहीही सांगता येत नाही. म्हणूनच बियाण्याच्या व्यवहारात नावाला असाधारण महत्त्व येते. मालाविषयीची जवळजवळ सारी माहिती त्या एका नावात साठवलेली असते, किंवा असायला हवी. गेल्या साठ वर्षांत आपल्या भागात संकरित वाणे कशी घडली आणि त्यांना नावे कशी पडत गेली, हे पाहू गेल्यास एक विसंगती नजरेत भरते. वाणांची संख्या वाढत गेली आणि नावांतील माहिती मात्र आटत गेली. या आटण्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

संकराची घडण

दोन भिन्न गुणांच्या वंशांचा संकर केला असता पहिल्या पिढीत जी विशेष वाढ आणि उत्पादनक्षमता दिसते, तिला संकरजोम म्हणतात. हा जोम पहिल्या पिढीपुरताच टिकतो. त्याच पिकाचे बी राखून पुढील वर्षी पेरले तर गुण विस्कटतात. एकाच शेतात उंच आणि बुटकी, लवकर येणारी आणि रेंगाळणारी अशी झाडे दिसू लागतात. साहजिकच संकरित बियाणे दर वर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. कणगीतले बी पेरणारा शेतकरी येथे प्रथमच कायमचा ग्राहक झाला. ही घटना जितकी शेतीशास्त्रातील आहे, तितकीच अर्थशास्त्रातीलही आहे.

ज्वारीचे फूल इतके बारीक की हाताने संकर करून शेतकऱ्याला पुरेल एवढे बी तयार करणे अशक्यच होते. १९५४ साली अमेरिकेत टेक्सास येथे स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी ज्वारीतील नरवंध्यत्वाचा उपयोग दाखवून दिला आणि हा अडसर दूर झाला. ज्या वंशात पराग निकामी असतो अशा मादी वंशाच्या ओळींशेजारी नर वंशाच्या ओळी पेरल्या, की वारा पराग वाहून नेतो आणि मादीच्या कणसावर संकरित दाणा भरतो. याच तत्त्वावर १९६४ साली सीएसएच-१ हे भारतातील ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. सीके-६० ए ही त्याची मादी आणि आयएस-८४ हा नर. आपल्या खेड्यांत त्या ज्वारीने एवढी मुळे धरली, की ‘हायब्रीड’ हा शब्दच खरिपाच्या ज्वारीचे नाव होऊन बसला. ‘हायब्रीडची भाकरी’ म्हणणाऱ्या आजीला संकराचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण आपण काय खातो, हे तिला नेमके ठाऊक होते.

कापसाचा मार्ग निराळा. त्याचे फूल मोठे, म्हणून तेथे हात चालतो. उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर आज दुपारनंतर अलगद काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातील पराग त्या फुलाच्या कुक्षीवर चोळायचे. प्रत्येक बोंडामागे हे दोन वेळचे काम. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरिलेस यांच्या संकरातून ‘संकर-४’ प्रसारित केले. व्यापारी लागवडीखाली आलेले कापसाचे ते जगातील पहिले संकरित वाण होय. प्रगत देशांत मजुरीमुळे जे परवडले नसते, ते येथे परवडले. कारण येथे कळ्या खुडणारे हात स्वस्त होते. ते हात प्रामुख्याने बायकांचे होते आणि देशाच्या अनेक भागांत दीर्घकाळ लहान मुलींचेही होते. संकरित कापसाच्या यशाचा ताळेबंद मांडताना ही बाजू गाळता येणार नाही.

नावातली वंशावळ

या पहिल्या काळातील नावांकडे पाहावे. ती रूक्ष होती, परंतु बोलकी होती. सीएसएच म्हणजे देशभरच्या समन्वित योजनेतील ज्वारीचा संकर. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेल्या एनएचएच-४४ या नावातील पहिले अक्षर नांदेडचे. पुढील दोन अक्षरे सांगतात की मादी आणि नर दोन्ही ‘हिर्सुटम’ म्हणजे अमेरिकन जातीच्या कापसाचे आहेत. पीए-२५५ हे देशी कापसाचे वाण. त्यातील ‘पी’ परभणीचा आणि ‘ए’ अर्बोरियम या देशी जातीचा. त्याचे बोलीतले नाव ‘परभणी तुराब’. सोयाबीनमधील एमएयूएस-७१ म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सोयाबीन आणि त्याचे प्रसिद्ध नाव ‘समृद्धी’.

आमच्याच जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीच्या बाबतीत हीच रीत पाळली. बीडीएन-७११ मधील तीन अक्षरे बदनापूरची. बीएसएमआर-७३६ आणि बीएसएमआर-८५३ यांत तर वाणाचा गुणही सांगितला आहे : बदनापूरचे, वांझ रोगाला दाद न देणारे. यांतील दुसऱ्या वाणाला ‘वैशाली’ असे सोपे नाव मिळाले. अलीकडच्या ‘गोदावरी’ या पांढऱ्या तुरीचे मूळ नाव बीडीएन २०१३-४१ असे आहे. आडनाव, गाव आणि गोत्र यांवरून जसा माणसाचा ठावठिकाणा लागतो, तसाच या नावांवरून वाणाचा लागतो.

या दुहेरी नावांमागे एक पद्धत आहे. पैदासकार शेकडो संकर करतो. त्यांतील प्रत्येकाला केवळ क्रमांक असतो. संशोधन केंद्रावरील चाचण्या, विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील चाचण्या, मग अखिल भारतीय समन्वित योजनेतील निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या अशा चाळण्यांतून बहुतेक क्रमांक गळून पडतात. जो टिकतो, त्याची शिफारस चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत होते आणि १९६६ च्या बियाणे कायद्याखाली तो अधिसूचित झाला म्हणजे त्याला समाजात वावरण्याचा परवाना मिळतो. क्रमांक हे वाणाचे जन्मनाव आणि प्रसारणाच्या वेळी ठेवलेले नाव म्हणजे त्याचे बारसे. बारशानंतरही जन्मनाव पुसले जात नाही, हे महत्त्वाचे. कोणीही जिज्ञासू माणूस ‘समृद्धी’पासून एमएयूएस-७१ पर्यंत आणि तेथून त्याच्या चाचण्यांच्या आकड्यांपर्यंत पोचू शकतो.

बारशातही नातेसंबंध जपले जात. धारवाड येथे बी. एच. कटारकी यांनी १९७२ साली जे संकरित वाण प्रसारित केले, त्याचे नाव ‘वरलक्ष्मी’. कारण त्याच्या आईचे नाव ‘लक्ष्मी’ होते. परभणीच्या भेंडीची कथा याहून उद्बोधक आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडी एके काळी देशभर गाजली. पण पुढे केवडा रोगापुढे ती टिकेनाशी झाली. तेव्हा मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी तिचा एका रानटी जातभाईशी संकर केला, पुन्हा पुन्हा मूळ वंशाशी जुळवून रोगप्रतिकारक वाण काढले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास ते ‘परभणी क्रांती’ म्हणून प्रसिद्ध झाले. नावात गाव आले, संस्था आली, आणि श्रेय व जबाबदारी या दोन्ही गोष्टी एका पत्त्यावर आल्या.

जालन्याचे बियाणे

या इतिहासात जालना शहराचे स्थान मोठे आहे. १९६४ साली, म्हणजे सीएसएच-१ च्याच वर्षी, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी अर्थात ‘महिको’ स्थापन केली. तत्पूर्वी त्यांनी बीजोत्पादनाला आरंभ केला होता तो ‘पुसा सावनी’ भेंडीपासून. म्हणजे खाजगी बियाणे उद्योगाचा पाया सार्वजनिक संस्थेच्या वाणावर आणि त्याच्या सार्वजनिक नावावर रचला गेला. शासनाने वाण काढावे, खाजगी उद्योजकाने त्याचे शुद्ध बी वाढवून शेतकऱ्याच्या दारी पोचवावे, ही कामाची वाटणी होती. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्याने या वितरणव्यवस्थेचा गौरव होता. जालना, बदनापूर, देऊळगाव राजा या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांना बीजोत्पादनाच्या प्लॉटांनी रोख उत्पन्न दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९७६ मध्ये अकोल्यास ‘महाबीज’ स्थापन झाले आणि सरकारी क्षेत्रही या कामात उतरले.

पुढे चित्र पालटले. कंपन्यांनी स्वतःचे संशोधन सुरू केले. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने खाजगी गुंतवणुकीला वाव दिला आणि ‘संशोधित संकर’ नावाचा नवा वर्ग बाजारात आला. या संकराचे आईबाप ही कंपनीची खाजगी मालमत्ता. ती गुप्त ठेवणे व्यापाराच्या दृष्टीने स्वाभाविक होते. पण आईबापांबरोबर वाणाचा ठावठिकाणाही गुप्त झाला. १९६६ चा कायदा अधिसूचित वाणांपुरताच कडक आहे. अधिसूचित नसलेले वाण ‘सत्यप्रत’ लेबल लावून विकता येते. त्यावर उगवणशक्ती आणि शुद्धता यांचे आकडे असले की पुरे. वाण कोणत्या भागात, कोणत्या जमिनीत, किती पावसावर तपासले, हे सांगण्याचे बंधन नाही.

२००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली, तेव्हा महिकोची तीनच संकरित वाणे मंजूर झाली होती : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. दहा वर्षांत मंजूर बीटी संकरांची संख्या हजारावर गेली. एका जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने हजार नावांतून निवड कशी करावी? त्याने अर्थातच केली नाही. त्याने शेजाऱ्याच्या बांधावर पाहिले आणि दुकानदाराला विचारले. एनसीएस-१४५ हे नोंदणीतील नाव शेतकऱ्याला कधी कळलेच नाही. त्याला कळले ते ‘बन्नी’. एनसीएस-२०७ त्याच्यासाठी ‘मल्लिका’ झाली. निदान या दोन नावांमागे नोंदीतील क्रमांक तरी सापडतो. अनेक पिशव्यांवरचे नाव हे निव्वळ व्यापारचिन्ह असते. एकच संकर दोन-तीन कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, तर कधी गाजलेल्या नावाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्याच बियाण्यावर चढते. विद्यापीठांच्या वाणांत बीटी जनुक वेळेवर आले नाही. त्यामुळे एकेकाळी मराठवाडा-विदर्भात घरोघर असलेले ‘नांदेड-४४’ मागे पडले आणि तुलनेसाठी हाताशी असलेले एक भरवशाचे माप नाहीसे झाले.

नाव मोडके असले तरी चालते

नाव सुंदर किंवा शुद्ध असण्याची गरज नाही, हे केळीच्या उदाहरणाने चांगले कळते. खाण्याच्या केळीला बी नसते; म्हणून तिचा संकर करणे ही तपश्चर्याच असते. हजारो घडांवर हाताने पराग शिंपावेत, तेव्हा मूठभर बिया हाती लागतात आणि त्यांतील गर्भ प्रयोगशाळेत वाढवावे लागतात. होंडुरासमधील एफएचआयए या संस्थेत फिलिप रो यांनी अशाच चिकाटीने काढलेल्या वाणाचा क्रमांक एफएचआयए-०१ आणि बाजारातले नाव ‘गोल्डफिंगर’. आपल्याकडे अर्धापूर-नांदेड असो की जळगाव, केळीचा मळा दीर्घकाळ ‘बसराई’, ‘श्रीमंती’ आणि नंतर ‘ग्रँड नेन’ या निवडीतून आलेल्या वाणांवरच उभा राहिला. ‘नेन’ म्हणजे फ्रेंच भाषेत बुटकी. बाजारात त्याचा उच्चार ‘नाइन’ झाला आणि शेतकऱ्यांनी ‘जी-९’ असा आकडाच करून टाकला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने याच वाणावर किरणोत्साराचा प्रयोग करून त्याहून ठेंगणे वाण मिळवले. ट्रॉम्बे म्यूटंट-९ या क्रमांकाचे हे वाण तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राच्या सहकार्याने २०२५ मध्ये ‘कावेरी वामन’ या नावाने पुढे आले. फ्रेंच बुटकीचा असा संस्कृत वामन झाला.

‘जी-९’ हा अपभ्रंश खरा. तरीही त्याने शेतकऱ्याची फसवणूक झाली नाही. केळी मुनव्याने किंवा ऊतिसंवर्धित रोपाने वाढते, त्यामुळे रोपे खात्रीची असली की एक झाड दुसऱ्याची प्रतच असते. नाव आणि वस्तू यांची गाठ पक्की राहते. सोयाबीनमध्येही हेच घडते. ते स्वपरागित पीक असल्याने शेतकरी घरचे बी राखतो. जबलपूरच्या जेएस-३३५ ला तो नुसते ‘तीनशे पस्तीस’ म्हणतो आणि कसबे डिग्रजच्या केडीएस-७२६ ला ‘फुले संगम’. ती नावे त्याच्या अनुभवाने तावून सुलाखून निघालेली असतात. कापसाच्या संकरात बी दर वर्षी परक्याच्या हातून येते. तेथे ही गाठ शेतकऱ्याला स्वतः तपासता येत नाही, आणि नेमकी तेथेच ती सर्वांत सैल झाली आहे.

माहितीचा बाजार

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. या विचाराबद्दल पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, ती चांगल्या मालाला परवडत नाही आणि हळूहळू वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. यावर उपाय एकच. दर्जाची विश्वसनीय खूण. बियाण्याच्या बाजारात ती खूण म्हणजे नाव.

परंतु नावाने खूण म्हणून काम करण्यास एक अट आहे. नाव स्थिर पाहिजे. कोरडवाहू शेतीत एका वर्षाच्या अनुभवाने वाण कळत नाही. एक वर्ष पावसाचे, एक ताणाचे, एक बोंडअळीचे, असे चार-पाच हंगाम पाहिल्यावर गावाचे मत बनते. हे मत हीच खेड्यातील खरी संशोधन-प्रयोगशाळा. नावे दर दोन-तीन वर्षांनी बदलू लागली, किंवा एकाच संकराला तीन नावे असली, तर गावाने खर्ची घातलेला अनुभव वाया जातो. ‘अमुक बुडाले’ म्हणून शेतकरी जे दुसरे नाव घेतो, ते आतून तेच असू शकते. अनुभवातून शिकण्याचा मार्गच अशा रीतीने बंद होतो आणि मग निवड जाहिरातीच्या, भिंतीवरच्या रंगाच्या आणि दुकानदाराला मिळणाऱ्या सवलतीच्या हाती जाते.

यात किमतीच्या नियंत्रणाची भर पडते. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याचा स्वतंत्र कायदा केला आणि २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर बीटी बियाण्याची कमाल किंमत सर्व देशात एकच झाली. २०२४-२५ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पिशवीला ८६४ रुपये ही मर्यादा होती. भरमसाट किमतीला आळा बसला, हे या नियंत्रणाचे यश निर्विवाद आहे. परंतु किंमत सर्वांची सारखी आणि माहिती कोणाचीच नाही, अशा स्थितीत मागणी दोन-चार गाजलेल्या नावांवर कोसळते. मग तुटवडा किमतीतून व्यक्त न होता रांगेतून, चढ्या भावाच्या छुप्या विक्रीतून आणि ‘लिंकिंग’मधून, म्हणजे नको असलेला माल गळ्यात मारण्यातून, व्यक्त होतो. २०२४ च्या खरिपापूर्वी विदर्भात भर उन्हात एका विशिष्ट वाणासाठी ज्या रांगा लागल्या, त्या बियाण्याच्या टंचाईच्या नव्हत्या. बियाणे पुष्कळ होते, खात्रीच्या नावाचा तुटवडा होता. आणि जेथे नावावरचा विश्वासच उडतो, तेथे शेतकरी बिननावाच्या, बिनपावतीच्या, मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील बियाण्याकडे वळतो. ‘चोर बीटी’ असे त्याचे नाव लोकांनीच ठेवले आहे. माल बुडाला तर दाद मागायला तेथे पत्ताच नसतो.

कायद्याचा आशय आणि बाजाराचा व्यवहार

कायद्याला हे सारे अपरिचित आहे असे नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत वाणाला एकच, इतरांहून भिन्न असे नाव असावे, ते केवळ आकड्यांचे नसावे, दिशाभूल करणारे नसावे, असे स्पष्ट सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर असे वाणनाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येणार नाही, अशीही तरतूद आहे. याचा आशय मोलाचा आहे : पिशवी कंपनीची, बी कंपनीचे, पण वाणाचे नाव सर्वांचे. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार अपेक्षित उत्पादनाची माहिती शेतकऱ्याला देणे पैदासकारावर बंधनकारक आहे आणि ते न मिळाल्यास शेतकऱ्याला भरपाई मागता येते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला.

अडचण अशी की या कायद्याखालील नोंदणी ऐच्छिक आहे. विक्रीसाठी ती लागत नाही. म्हणून बाजारातील पुष्कळशी नावे या शिस्तीच्या बाहेर राहतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात विक्रीस येणाऱ्या वाणांची नोंदणी सक्तीची करण्याचा आणि पिशवीवर माहितीचा संकेत छापण्याचा विचार आहे. मसुद्याच्या अन्य कलमांविषयी मतभेद असू शकतात. परंतु नोंदणीचे तत्त्व योग्यच आहे. मात्र नोंद दिल्लीतील दप्तरात आणि पिशवीवर चित्रविचित्र नाव, असा प्रकार चालू राहिला तर नोंदणीचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोचणार नाही.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. संकराचे तपशील उघड केले तर प्रतिस्पर्धी ते चोरतील आणि संशोधनावरचा खर्च बुडेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच कोणी आईबापांची नावे मागत नाही. मागणी एवढीच की अपत्याचे नाव एक असावे. औषधाच्या बाटलीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव छापावे लागते. त्याने औषध उद्योग बुडाला नाही. दुसरा आक्षेप सरकारी संस्थांवर घेतला जातो : त्यांची नावे बोलकी, पण बियाणे वेळेवर मिळत नाही. हाही आक्षेप खरा आहे. पण तो पुरवठ्याचा दोष आहे. त्यावरून नावाची शिस्त चुकीची ठरत नाही.

करता येण्याजोगे

चार गोष्टी अवघड नाहीत. पहिली, प्रत्येक पिशवीवर व्यापारी नावाइतक्याच ठळक अक्षरांत, मराठीत, वाणाचे नोंदणीकृत नाव आणि प्रसारणाचे वर्ष छापावे. तोच संकर दोन कंपन्यांनी विकला तर दोन्ही पिशव्यांवर ते नाव एकच असावे. दुसरी, बाजारात अधिक खपणाऱ्या वाणांच्या तुलनात्मक चाचण्या परभणीच्या विद्यापीठाने आपल्या केंद्रांवर हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत घ्याव्यात आणि त्यांचे निष्कर्ष नावानिशी दर वर्षी मे महिन्यापूर्वी जाहीर करावेत. बदनापूर आणि नांदेडची केंद्रे, जागा आणि माणसे आहेत. हवी आहे ती निश्चित तरतूद. तिसरी, पावतीवर ‘कापूस बियाणे’ असे मोघम न लिहिता वाणाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहिल्याशिवाय विक्री वैध मानू नये. तक्रारीच्या वेळी पंचनामा होतो. पण पावतीत वाणच नसेल तर पंचनाम्याचा कागद कोरडाच राहतो.

चौथी गोष्ट सरकारची वाट न पाहता करता येईल. प्रत्येक गावात वाणांची एक वही असावी : कोणी, कोणत्या जमिनीत, कोणत्या तारखेला, कोणत्या नावाचे आणि लॉटचे बी लावले आणि एकरी किती निघाले. ग्रामीण महाविद्यालयांत शिकणारी बहुसंख्य मुले-मुली शेतकऱ्यांचीच असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिराइतक्या श्रमात तालुक्यातील पन्नास गावांची अशी वही तयार होऊ शकते. तीन वर्षे ती प्रामाणिकपणे ठेवली तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती अधिक खरे बोलेल.

परतूर तालुका १९८१ साली परभणी जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात आला. एका बाजूला वाणे घडवणारे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला ती विकणारी बाजारपेठ, अशा दोन शहरांच्या मधोमध आपण उभे आहोत. देशाला बियाणे पुरवणाऱ्या जिल्ह्यातील शेतकऱ्यानेच पिशवीत काय आहे हे दुकानदाराला विचारावे, ही स्थिती भूषणावह नाही. वाणाच्या नावावरचा विश्वास ही शेतकऱ्याची भांडवली मालमत्ता आहे. ती जपण्याचे काम कायदा, विद्यापीठ आणि उद्योग यांचे आहे, आणि तिचा हिशेब मागण्याचे काम आपले आहे.